फटफटी बोडणीला नेली

माणूस गेला तर निदान सुतक तरी धरता येतं. फटफटी गेली तर काय धरायचं? शिवदासनं आपलं डोकं धरलं आणि अलिबागेत दिनानाथ मिस्त्रीच्या दुकानासमोरच्या ओल्या फळीवर तो मटकन बसला.

दिनानाथ मिस्त्री वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढे उगाच त्याच्या नावानं बोटं मोडाल. त्रेसष्ट सालची गोष्ट. अलिबागेत तेव्हा स्कूटरी असून असून असणार किती? दोन वकिलांच्या, एक डॉक्टरांची, एक कचेरीतल्या मोठ्या साहेबांची आणि पाचवी ही, थळच्या कोळीवाड्यातल्या शिवदासची. दुसऱ्या हाताची, रंग उडालेली. कोळीवाडा तिला फटफटीच म्हणे. वकिलाच्या गाडीपुढे मिस्त्री ऐसपैस मांडी घालून बसायचा, शिवदासच्या गाडीला मात्र तोंड फिरवून हात लावायचा. त्याचं तरी काय चुकलं? वर्षभर मागे मासळीची टोपली बांधून रेवसच्या धक्क्याकडे पळणारी गाडी. तिला काय अत्तराचा वास येणार होता?

मिस्त्रीनं किक मारून पाहिली, ती अर्ध्यावर अडली. क्लच दाबून गिअर टाकून पाहिला, तो पडेना. मग त्यानं गिअरपेटीच्या बुडाचा बोल्ट जरासा ढिला केला, बोटभर काळपट चिकट घाण निघाली ती चिंधीवर घेतली आणि हात लांब ठेवूनच शिवदासला दाखवली.

"तेल कधी बदललं होतंस?"

"शिमग्याच्या टायमाला. डब्यातलं, चांगलं."

"मग संपलंच. दाते झिजलेत सगळे, हा त्यांचाच चुरा. क्लचही त्यानंच चिकटला. अख्खा सेट मुंबईहून आणायला लागेल. मजुरी धरून साडेतीनशे."

शिवदासचं तोंड बघून मिस्त्रीला त्याची जरा कीव आली. "नाहीतर असं कर," तो म्हणाला, "इथंच ठेवून जा. भंगार म्हणून शंभर रुपये देतो. तेवढीच तुला मदत."

ह्या मदतीला काय म्हणावं? बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथं काठीच डोक्यात बसली होती. साडेतीनशे रुपये शिवदासनं एकत्र असे एकदाच पाहिले होते, घरची होडी विकली तेव्हा.

ती होडी का विकली, हे थळमध्ये कुणालाही विचारा. दोन वर्षांपूर्वी शिवदासचा थोरला भाऊ हरेश्वर वादळात गेला. शिवदास त्याच होडीत होता. हरेश्वर पाण्यात पडला तेव्हा दोघांत दोन हातांचं अंतर होतं, आणि शिवदासनं हात पुढे केलाच नाही, कारण एका हातानं डोलकाठी आणि दुसऱ्या हातानंही डोलकाठीच धरली होती. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. आईनं, नीराबाईनं, विचारलंही नाही. तिनं त्याला एकविरेसमोर उभं केलं, दर्यात पाय टाकणार नाही अशी शपथ घ्यायला लावली, होडी रेवदंड्याच्या एका माणसाला विकली आणि आलेल्या पैशात ही फटफटी घेतली. पहाटे थळची मासळी घ्यायची, रेवसला मुंबईच्या लाँचवर चढवायची आणि परत यायचं. कोळ्याचं पोर रस्त्यावर मासळी वाहतं म्हणून लोक हसले. हसू देत. शिवदास आईच्या धाकानं दर्या सोडून बसलाय असं गावाला वाटायचं. खरं म्हणजे त्याला दर्याची भीती वाटत होती. पाणी गुडघ्याला लागलं तरी तो मागे फिरायचा, आणि शपथेनं त्याची अब्रू झाकली होती.

आता फटफटी गेली तर ते झाकण गेलं. आणि वेळ तरी कोणती? परवा नारळी पुनव. धर्माजी तांडेलच्या होडीवर एक माणूस कमी होता. त्यानं कालच घरी येऊन सांगितलं होतं, "शिवदास, दर्यात नारळ पडायच्या आत काय ते बोल. न्हायतर नवगावचा एक पोऱ्या मी बघून ठेवलाय. मंग आख्खा हंगाम गेला बग तुजा." पावसाळाभर खाडीच्या चिमूटभर मासळीवर घर चाललं होतं. हंगाम गेला तर खायचं काय? आणि हंगाम धरला तर दर्या होताच समोर.

मिस्त्रीनं निदान गाडी न्यूट्रलमध्ये आणून दिली, म्हणून ती ढकलता तरी आली. चार मैल ढकलत शिवदास घरी आला. पडवीत नीराबाई सुकटीची टोपली चाळत होती. तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि तिचे हात थांबले.

"काय म्हनतो मिस्त्री?"

"मेली म्हनतो."

नीराबाईनं टोपली खाली ठेवली. तिच्या डोळ्यांत जे आलं ते शिवदासला बघवेना. फटफटीवर त्या बाईचा जीव होता. दसऱ्याला तिला झेंडू घालायची, अमावस्येला लिंबू बांधायची. "आपली होडी ती हीच," असं म्हणायची.

शिवदासची बायको नलू चुलीपुढून उठून आली. तोंडानं फटकळ, पण घरात डोकं ठिकाणावर असलेलं माणूस तेवढंच.

"एकाच वैद्यानं मेला म्हनला म्हनून कोन तिरडी बांधतंय?" ती म्हणाली. "बोडनीच्या दादू मिस्त्रीला दाखवा. माज्या म्हायेरचा हाय. तीस वर्सं माजगावच्या गोदीत आगबोटींची इंजनं खोललीत त्यानं. त्यो मेली म्हनला तर मंग रडायला बसू, मी पन बसते."

बोडणी म्हणजे जवळपास दहा मैल. दुसऱ्या दिवशी शिवदास बैलगाडीसाठी वणवण फिरला, पण सणाच्या तोंडावर गाडी कुणी देईना. संध्याकाळी किनाऱ्यावर धर्माजी भेटला. मनानं उदार माणूस. म्हणाला, "बैलगाडी कशाला पायजे? होडीत टाक फटफटी. खाडीखाडीनं, किनाऱ्याला धरून जाऊ. दोन तासांत बोडनी."

शिवदासनं होडीकडे बघितलं. लाट नव्हतीच म्हणायची. "नको," तो म्हणाला, "ढकलत नेतो." धर्माजीनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि निघून गेला.

पुनवेच्या दिवशी उजाडायच्या आत तो निघाला. दहा मैल फटफटी ढकलणं म्हणजे काय, ते ज्यानं ढकललीय त्यालाच ठाऊक. चोंढीपर्यंत अंगात जोर होता. झिराडच्या चढावर पायांना गोळे आले. वर दगडावर टेकला तेव्हा कनकेश्वराच्या डोंगरावर ढग उतरले होते आणि एक सर येऊन त्याला भिजवून गेली. वाटेनं सणाला निघालेली माणसं विचारत, "काय, पेट्रोल संपला काय?" तो मान हलवी. खरं कुणाकुणाला सांगत बसणार? त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं: दादू मिस्त्री मेली म्हणाला तर आज संध्याकाळी धर्माजीला हो म्हणायचं, उद्या होडीत पाय टाकायचा, आणि हात डोलकाठीवरून सुटणार नाहीत हे सगळ्या होडीला दिसायचं.

बोडणीला पोचायला त्याला साडेदहा वाजले. कोळीवाड्यात सणाची गडबड होती, घराघरांतून नारळीभाताचा वास येत होता. दादू मिस्त्री ओट्यावर बसला होता. सत्तरीचा, डोक्यावर नवा रुमाल, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. शिवदासनं घाम पुसत सगळी हकिगत सांगितली. म्हाताऱ्यानं ती ऐकून घेतली आणि मान हलवली.

"आज न्हाय. पुनवेला मी हत्याराला हात लावत न्हाय. नारल पडला की उद्या ये."

"उद्या उपेग न्हाय, काका!"

"साहेबानं गोदीत बोलावला व्हता एकदा पुनवेला. त्याला पन न्हाय म्हनलोय मी. तू कोन लागून गेलास?"

शिवदासच्या तोंडचं पाणी पळालं. दहा मैल ढकलून आणलेली गाडी त्यानं तिथंच सोडली, ती चिखलात आडवी झाली, आणि त्यानं म्हाताऱ्याचे पाय धरले. त्याला रडू आवरेना. "हात नका लावू," तो म्हणाला. "फकस्त सांगा. मेली का जिती, येवढाच सांगा. मेली म्हनलात तर मी उद्या दर्यात जानार, आनि मला न्हाय जमायचा काका, मला भ्या वाटतं." दोन वर्षं जे आईला नाही, बायकोला नाही सांगितलं, ते त्या भल्या माणसाच्या ओट्यावर असं एकदम बाहेर पडलं.

दादू मिस्त्रीनं त्याचे हात पायांवरून सोडवले. मग त्यानं घरात हाक मारून हत्यारांची पेटी मागवली आणि पायानंच ती शिवदासकडे सरकवली.

"मी हात लावनार न्हाय. तू खोल. मी सांगतो तसा खोल."

अशी ती तपासणी झाली. म्हातारा ओट्यावर हातांची घडी घालून बसलेला आणि शिवदास खाली उकिडवा. "आधी बुडाचा बोल्ट काड. काय येतंय?" काहीच येईना. "तार घाल." तार घातल्यावर काळपट लालसर चिकट गोळा बाहेर आला, खिरीवरच्या सायीसारखा. "इकडं आन. बोटावं."

शिवदासनं बोट पुढे केलं. म्हाताऱ्यानं चष्मा वर सरकवून वास घेतला. मग त्यानं शिवदासकडे बघितलं, पुन्हा वास घेतला, आणि कुणाला पटणार नाही पण ते जिभेला लावून पाहिलं.

"तू कोली हायेस ना रं?"

"व्हय."

"मंग हे तुला वलखू आला न्हाय? मुशीच्या कालजाचा तेल हाय ह्यो. होडीला लावतात त्यो."

शिवदास त्या गोळ्याकडे बघत राहिला. मुशी म्हणजे छोटा शार्क, आणि तिच्या तेलाचा वास वर्षानुवर्षं ओळखीचा. पण गाडीला मासळीचाच वास असतो हे गृहीत धरून त्यालाही तो आला नव्हता, मग अलिबागच्या मिस्त्रीला कुठून येणार?

"ह्यो तेल लाकडाला लावला की सुकतो," म्हातारा सांगत होता, "कातडी धरतो, म्हनून तर होडीत पानी शिरत न्हाय. तापलेल्या पेटीत घातला की तिथं पन कातडीच धरनार. त्यो काय गिअर बघून वागनार हाय? आता बाजूचा झाकन काड. दाते पूस. मोज."

शिवदासनं रॉकेलच्या चिंध्यांनी एकेक चाक पुसलं. मोजलं. पुन्हा मोजलं. म्हातारा वरून विचारत होता, "येक तरी तुटलाय?" एकही तुटला नव्हता. चुरा कसला नि काय कसलं. खरवडून काढलं ते सगळं तेलच होतं. क्लचच्या प्लेटी एकमेकींना ओल्या पापडांसारख्या चिकटल्या होत्या. त्या सुरीनं सोडवायच्या, घासायच्या, रॉकेलमध्ये बुडवून ठेवायच्या आणि सगळं जिथल्या तिथं बसवायचं. दुपार टळून गेली. दादूच्या म्हातारीनं नारळीभात आणून दिला, तो शिवदासनं काळ्या हातांनीच खाल्ला. मग घरातून लाँचच्या इंजिनाच्या तेलाची बाटली आली, तीही म्हाताऱ्यानं स्वतः न धरता दाखवून दिली.

तिसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. शिवदासनं पहिला टाकला, दुसरा टाकला. पडले. तो पुन्हा पाया पडायला वाकला तर म्हातारा म्हणाला, "माज्या कशाला पडतोस? मी कुटं हात लावलाय?" आणि मग, "पन त्यो तेल घातला कोनी?"

शिवदासनं "ठाव न्हाय" म्हटलं आणि गाडी वळवली. पण झिराड यायच्या आत त्याला ठाऊक झालं. वीस दिवसांपूर्वी गावात होड्यांना तेल लावायचं काम चाललं होतं. दरवर्षी ते घरची बाईमाणसंही करतात, आणि नीराबाई तीस वर्षं करत आली होती. आता तिच्याजवळ होडीच नव्हती. त्या संध्याकाळी तिच्या हाताला मुशीच्या तेलाचा वास होता. शिवदासला वाटलं होतं, शेजाऱ्यांकडे मदतीला गेली असेल. आणि पाना दुसऱ्या दिवशी भलत्याच खुंटीला सापडला होता. तो बोल्ट काढताना, काळं तेल सांडून नवं भरताना तिनं शिमग्याला समोर बसून बघितलं होतं. हाताची ताकद तर तिची कुठल्याही खलाशाइतकी.

त्याचं डोकं तापलं. असं तापलं की गाडीपेक्षा तेच जास्त आवाज करत होतं. हरेश्वर गेल्यापासून आईला एक शब्द उलटा बोलला नव्हता, आज बोलणार होता. कशात काही कळत नाही तर हात कशाला घालायचा? विचारायचं नाही? माझ्या जिवावर बेतलं होतं, आये, माझ्या जिवावर! चोंढी येईपर्यंत त्यानं सगळी वाक्यं जुळवून ठेवली, एकाहून एक लागट.

थळच्या किनाऱ्यावर माणसं जमली होती. सोनेरी कागद लावलेला नारळ घेऊन धर्माजी पुढेच उभा होता. शिवदासनं गाडी वाळूच्या कडेला थांबवली आणि ओरडला, "तांडेल, मी न्हाय येत! तुमचा नवगाववाला घ्या!"

धर्माजी चार पावलं जवळ आला. "अरे, मंग तुजी आय दुपारी होकार देऊन कशाला गेली? रडत व्हती बिचारी. शपत सोडली म्हनली. पाप लागला तर माज्या माथी लागू दे, पन पोरगा उपाशी न्हाय ऱ्हायला पायजे, असं म्हनली." त्यानं फटफटीकडे बघितलं. "चालू झाली वाटतं? बरा झाला. जा घरी, मी बघतो."

ते ऐकल्यावर शिवदासच्या जुळवलेल्या वाक्यांतलं एकही जागेवर राहिलं नाही. एकविरेसमोर घातलेली शपथ आईनं सोडली होती. एक पोरगा दर्यानं नेला, दुसरा तिनं आपल्या तोंडानं देऊ केला होता, आणि तो परत येईपर्यंत ती कशी बसली असेल, हे त्याच्या डोळ्यांपुढे आलं.

नीराबाई पडवीत बसली होती. सणाचं लुगडं नेसली नव्हती. आवाज ऐकून उठली, पण पायरी उतरली नाही. नलू आतून धावत आली आणि फटफटीकडे बघून तोंडावर पदर धरून हसायलाच लागली.

"चालते?" नीराबाईनं विचारलं.

"चालते."

"काय झालता तिला?"

तेल कमी पडलं होतं, असं सांगून टाकावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण मग ती आणखी तेल ओतेल, हेही त्याच वेळी कळलं. लबाडी करायचीसुद्धा सोय नव्हती.

"पेटीत मुशीचा तेल भरला व्हता, आये."

नीराबाईचा चेहरा उजळला. किती दिवसांनी तिच्या तोंडावर हसू आलं! "मीच भरला," ती म्हणाली. "समद्यांच्या होड्यांना लावत व्हते. मंग म्हनला आपल्या फटफटीनं काय घोडा मारलाय? त्या काल्या तेलापरीस चांगला घट्ट तेल. तुला सांगितला न्हाय, तू हसला असतास. त्यानंच वाचली म्हन की."

"त्यानंच बंद पडली व्हती, आये."

हे त्यानं शक्य तितक्या हळू सांगितलं. पण शब्द हळू सांगितला म्हणून हलका होतो असं नाही. नीराबाई हळूहळू खाली बसली. किनाऱ्यावर ढोल वाजायला लागला, नारळ दर्यात पडला असावा, बायका मोठ्यानं गात होत्या. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती आपल्या दोन्ही हातांकडे बघत होती.

"हरेश्वरच्या होडीला मीच लावला व्हता त्या साली," ती म्हणाली. "दोनदा लावला. होडीनं पोराला नेला. आता हिला घातला तर हिनं तुला न्यायला घेतला. मंग मी करू काय रं तुमच्यासाटी? काय करायचा मी?"

 डोलकाठीला धरून ठेवलेल्या दोन्ही हातांचं आज तिला सांगून टाकावं, असं शिवदासच्या मनात आलं, पण तेवढा धीर एका दिवसात दोनदा येत नाही. तो तिच्या शेजारी पायरीवर बसला.

"जेवायला वाढ," तो म्हणाला. "सकालपासून उभाच हाय मी."

नीराबाई उठली. हात धुतले, पुन्हा धुतले, आणि त्याला वाढायला आत गेली.